कत्तरीमामी आणि ताईचा अनंत

कत्तरीमामी कुणाकडे झाड बघायला आली की आधी झाडाकडे बघायचीच नाही. ओट्यावर बसून विचारायची, "घरातलं कोण गेलं?" ते ऐकून झालं की मग उठायची.

तिच्या नवऱ्याचं देवराज मोहल्ल्यात शिवणकामाचं दुकान होतं. कापडाला बोथट झालेली त्याची जुनी कात्री ती कमरेला खोचून फिरे. कानडीत कात्रीला कत्तरी म्हणतात, त्यावरून म्हैसूरच्या आमच्या गल्लीत तिला हे नाव पडलं. कितीतरी घरांतले मरायला टेकलेले गुलाब आणि जास्वंदी तिने छाटून, उपटून, दुसरीकडे लावून जगवल्या होत्या. तरी लोक तिला जरा बिचकूनच असत.

ताई तापाने गेली तेव्हा मी कॉलेजात होते. मागच्या अंगणात, स्वतःच्या खोलीच्या भिंतीलगत तिने अनंत लावला होता. ती गेल्यावर तो पिवळा पडत गेला, कळ्या काळ्या होऊन गळू लागल्या. आई रोज त्याच्यापाशी जाऊन बसे. तिचं जेवणही सुटत चाललं. शेवटी बाबांनी मामीला बोलावलं.

आईला तिने तो प्रश्न विचारला नाही. फांदीला कान लावून ती बराच वेळ उभी राहिली, मग कात्री काढली. आधी सुकलेल्या फांद्या गेल्या, मग हिरव्याही. गुडघाभर खुंट उरला तेव्हा आईने तिचा हात धरला.

"सुम्ने राहा, गप्प राहा, वहिनी," मामी म्हणाली. "मी त्याला मारत नाही."

मग बाबांनी भोवतालची माती उकरली. मुळं चारी बाजूंना पसरलेली नव्हतीच. सगळी एकमेकांना बिलगून भिंतीखाली शिरली होती. बाबा आत जाऊन बघून आले. ताईची खाट होती तिथली फरशी उचलली गेली होती आणि फटीतून केसांसारखी पांढरी मुळं वर आली होती.

"ते तिला शोधतंय," मामी म्हणाली. "तुम्ही रोज इथे बसून हाक मारता की. त्याला वाटतं, ती आत आहे."

आई म्हणाली, "मी मोठ्याने कधीच हाक मारली नाही."

"झाडाला मोठ्याने कशाला पाहिजे?"

भिंतीकडची मुळं तिने आईच्याच हाताने कापवली. शेवटचं मूळ तुटलं आणि ताई गेल्यानंतर आई पहिल्यांदा रडली. मग लाल माती, कुजलेला पाला आणि जुनं शेणखत घालून मामीने तो खुंट पुढे फाटकापाशी लावला, वर ओल्या गोणपाटाची सावली केली. पाणी घालायचं आणि लगेच घरात यायचं, एवढंच तिने आईला बजावलं.

पुढे मी एका पुस्तकात वाचलं की चुन्याच्या भिंतीजवळ अनंत पिवळा पडतो. ते मला पटलं. पण मग मुळं चुन्याकडेच का गेली, ते त्या पुस्तकात नव्हतं.

पालवी आली. आई जेवू लागली. पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी अनंत भरून फुलला, पण फुलांना वासच नव्हता. वास ताईच्या बंद खोलीत कोंडला होता. आईने तिथल्या खिडक्या उघडल्या आणि दुपारपर्यंत तो फुलांत आला.

म्हातारपणी मामी मुलीकडे, म्हैसूरजवळच्या वरुणा गावी राहायला गेली. निरोप घेताना आईला म्हणाली, "मी मेल्यावर माझ्या नावाने काही लावू देऊ नका, वहिनी. मला कुणी शोधलेलं नको." आईने कबूल केलं.

ती गेल्याचं कळलं तसं आम्ही बसने वरुणेला गेलो. मागच्या दाराशी नुकतंच केलेलं एक ओलं आळं होतं. मुलीने रडतच सांगितलं की अम्माच्या नावाने काल जाई लावली.

आईने पदर खोचला आणि रोप धरून ओढलं. कालच लावलेलं, पण निघताना ते अडलं. आईने माती सैल करत करत ते सोडवलं आणि मुलीच्या हातात ठेवलं.

"कुणाच्या नावाने नको गं," ती म्हणाली. "नुसती लाव."