तिसऱ्या दिवशीची बोळवण

डिसेंबर लागला की नागपूरच्या टिमकीत माणसं सकाळी पायरीवर उन्हात बसतात, शेंगा फोडतात आणि दुसऱ्याच्या घरातलं बोलतात. हेच ऊन खायला कुणी दहा दिवस बोटीत बसून परमुलखात जावं, ही गोष्ट तिथे कुणाच्या डोक्यात येणं शक्य नव्हतं. म्हणून १९७३च्या हिवाळ्यात सुभद्राबाई भावाकडे आफ्रिकेला सुट्टी घालवायला निघाल्या, तेव्हा गल्लीने तो विषय आठवडाभर पुरवून पुरवून वापरला.

शेजारच्या बायजाबाई तर मुद्दाम येऊन बसल्या. “काहून वं सुभद्रा, या वयात कायले दर्याची हौस? तिकडं सिंह रस्त्यानं फिरते म्हणते.”

“जागेश्वर दहा वर्षांपासून राहून राहिला नं तिकडं. त्याले नाई खाल्लं, तर माया हाडात काय ठेवलं आहे?”

सुभद्राबाईंनी हसून वेळ मारून नेली. खरं कारण त्यांनी सांगितलं नाही, आणि बायजाबाईंना ते न सांगताच कळलं. सुट्टी हे नुसतं नाव होतं. सुभद्राबाईंना परत यायचंच नव्हतं.

त्यांचं वय तेव्हा अठ्ठेचाळीस. लहानपणीच उमरेडला एका कोष्ट्याच्या घरी दिलेलं, आणि एकोणिसाव्या वर्षी नवरा तापाने गेला. सासरच्यांनी तेरावा होईपर्यंत कळ काढली. मग एक गाठोडं घेऊन त्या टिमकीच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. बाप मागावर बसला होता. त्याने हातातला धोटा थांबवला, मुलीकडे पाहिलं आणि म्हणाला, “राय वं बाई. घर तुयंच आहे.” त्या एका शब्दावर सुभद्राबाईंनी तीस वर्षं काढली. आई आधीच गेली होती, आणि धाकटा भाऊ जागेश्वर सहा वर्षांचा होता. पुढे बापही गेला, तेव्हा त्याच मागाच्या खड्ड्यात पाय सोडून त्या बसल्या. लुगडी विणली, भावाला मॅट्रिक केलं, कापसाच्या जिनिंगमध्ये चिकटवलं, शामलासारखी चांगली मुलगी पाहून त्याचं लग्न लावलं. जिनिंगच्या कच्छी मालकाचा एक कारखाना केनियात मालिंदी नावाच्या समुद्राकाठच्या गावी होता. मालकाने जागेश्वरला तिकडे नेलं, आणि तो तिकडचाच झाला.

आता सुभद्राबाईंच्या डोळ्यांना बारीक सूत दिसेनासं झालं होतं. ताण्यातला तुटका धागा सापडेना, सापडला तर गाठ बसेना. दोन वर्षं त्या लोकांच्या सुताच्या कांड्या भरून देत होत्या. दिवस जाई, पण संध्याकाळी घरात आवाज म्हणून असायचा तो भांड्याचा. अशात जागेश्वरचं पत्र आलं: नाताळात जिनिंग बंद असते, आमच्या प्रेमिलाच्या शाळेलेही सुट्टी आहे, तू ये, तिकीट मी काढतो.

बाईंनी प्रवासाची लस दंडावर टोचून घेतली, भिवापुरी मिरच्यांची पिशवी बांधली, आणि निघाल्या. भावाने ‘राय’ म्हटलं की राहायचं, हे मनाशी पक्कं होतं. आपण होऊन ‘मी राहते’ म्हणणं त्यांच्याच्याने होणार नव्हतं. भाकरी मागून घेता येते, पण घर कुणी दिलं तरच घ्यायचं, असा त्यांचा हिशेब होता. तो चुकीचा होता असं म्हणवत नाही, आणि बरोबर होता असंही नाही.

मालिंदीला पोचल्या तेव्हा सगळं उत्तम होतं. जागेश्वरने पाय धरले, शामलाने गरम पाणी काढलं, आठ वर्षांची प्रेमिला आधी लाजली आणि मग आत्याच्या मांडीवरून उठेना. घरामागे एक नवी खोली होती. चुन्याचा वास अजून येत होता. खिडकीतून नारळीची झाडं दिसत, आणि कोनाड्यात देव ठेवायला पाटही होता. पाहुण्यांची इतकी सोय करतात म्हणजे भावाचं बरं चाललंय, असं सुभद्राबाईंना वाटलं. पहिले दोन दिवस त्यांनी चुलीचा ताबा घेतला. मिरच्यांचा ठेचा केला, वडाभात केला. जागेश्वर जेवताना डोळ्यांतून पाणी काढत होता. ते मिरचीचं की कशाचं, हे त्याचं त्यालाच माहीत.

तिसऱ्या दिवशी घोटाळा झाला.

दुपारी जागेश्वर बाजारातून एक साडी घेऊन आला. पातळ, फिक्या निळ्या रंगाची, हातात धरली तर वजनच लागू नये अशी. रिकामी साडी कशी द्यायची म्हणून शामलाने परसात पडलेला नारळ उचलून तिच्यावर ठेवला. मालिंदीत नारळाला काय तोटा! जागेश्वरने साडी बहिणीच्या हातात दिली आणि वाकून पायावर डोकं टेकवलं.

“घे ताई. तुयाचसाठी आणली.”

साडी, वर नारळ, आणि भावाचं डोकं पायावर. सुभद्राबाई जागच्या जागी थिजल्या. त्यांच्या माहेरी मुलीला साडी मिळायची ती एकदाच, निघायच्या दिवशी, ह्याच थाटाने. तिला बोळवण म्हणायचं. बोळवण हातात पडली की मुलीने त्या घरच्या चुलीला हात लावायचा नाही आणि दिवस मावळायच्या आत निघायचं. आजीने हे नियम इतके कडक पाळले होते की एकदा एका आत्याचा बैलगाडीवाला आला नाही, तर तिला रात्रभर शेजारी झोपवलं होतं. जागेश्वर तेव्हा जन्मालाही यायचा होता. पण हे सुभद्राबाईंच्या ध्यानात आलं नाही. आपल्याला माहीत आहे ते भावाला माहीत असणारच, असं त्या धरून चालल्या. तीन दिवस ठेवून घेतलं आणि नीट रीतीने वाटेला लावलं, एवढाच अर्थ त्यांना लागला.

वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. पण तोंडाने त्या एवढंच म्हणाल्या, “चांगली आहे गा. सुखी राय.”

रीत पाळायची तर त्याच संध्याकाळी निघायला हवं होतं. पण परवान्यासाठी काढावं लागलेलं परतीचं तिकीट बारा जानेवारीच्या बोटीचं होतं, आणि समुद्र काही बैलगाडीने ओलांडता येत नाही. आता वीस दिवस करायचं काय? बोळवण झालेल्या बाईने माहेरी वीस दिवस कसं राहावं, ह्याची रीत आजीने घालून दिलेली नव्हती. सुभद्राबाईंनी ती स्वतः घालून घेतली. स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही. वाढलं तर जेवायचं, मागायचं नाही. आणि दिवसा होता होईल तो घराबाहेर राहायचं.

घराबाहेर म्हणजे समुद्र. अशा रीतीने टिमकीची एक कोष्टीण वीस दिवस रोज सकाळ-संध्याकाळ परदेशातल्या किनाऱ्यावर बसली. हौसेने येणाऱ्या साहेबांनीही इतक्या नेमाने सुट्टी पाळली नसेल.

तिथला समुद्र निळा नव्हता. जवळच एक नदी माती आणून ओतायची, त्यामुळे पाणी चहासारखं तांबूस दिसे. वाळूत गोरी माणसं अंगावर चिंधीएवढं कापड ठेवून पालथी पडलेली असत. आधी सुभद्राबाईंनी पदर तोंडाला लावला, मग सवय झाली. ह्यांच्या देशात हिवाळ्यात ऊनच पडत नाही, असं प्रेमिलाने सांगितलं, तेव्हा त्यांना त्या माणसांची कीव आली. दमट वारा दिवसभर वाहायचा. ह्या हवेत ताण्याला खळ लावली तर चार दिवस वाळणार नाही, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ताडलं. काळ्या बायका अंगाला दोन रंगीत फडकी गुंडाळून जात, त्यांच्या काठाकडे बाईंची नजर आपोआप जाई. एकीचं फडकं त्यांनी बोटांत धरूनही पाहिलं. गिरणीचं निघालं. त्या बाईला राग आला नाही, ती हसली आणि पुढे गेली.

शामलाने पाच दिवस सहन केलं. सहाव्या दिवशी ती दारात आडवी आली. “बाई, तुमच्या हातचा भात टाका नं आज. प्रेमिला मागून राहिली.”

“नाई वं शामला. आता कायले मी? तुयंच घर आहे, तूच टाक.”

शामला आत गेली. त्या दिवसाच्या भाजीत मीठ जास्त पडलं.

निघायच्या चार दिवस आधी जागेश्वर स्वतः किनाऱ्यावर आला आणि बहिणीशेजारी वाळूत बसला. बराच वेळ तो काडीने वाळू उकरत होता. सुभद्राबाई वाट पाहू लागल्या. आता म्हणेल. आता तरी म्हणेल. एक शब्द म्हटला तरी साडी, नारळ, सगळं विसरायची त्यांची तयारी होती.

“ताई, इथं बरं वाटते का तुले?”

ह्याला ‘हो’ म्हटलं असतं तर गोष्ट इथेच संपली असती. पण वीस वर्षं माग चालवलेल्या बाईची मान सहजासहजी वाकत नाही.

“चांगलं आहे. पाहून झालं.”

जागेश्वरने काडी टाकली. “बरं,” म्हणाला आणि उठला.

बारा तारखेला त्याने बहिणीला मोंबासाच्या धक्क्यावर पोचवलं. प्रेमिलाने रडून गोंधळ घातला. मोठी माणसं रडली नाहीत. सुभद्राबाई बोटीवर चढल्या आणि गर्दीत भाऊ दिसेनासा होईपर्यंत कठड्याशी उभ्या राहिल्या. त्यांना ह्या जगात आता कुणीही नव्हतं, आणि तेवढं कळायला फारसं शिक्षण लागत नव्हतं.

टिमकीत मात्र त्यांचा भाव वधारला. गोऱ्या बायांचं वर्णन ऐकायला बायका कांड्या घेऊन ओट्यावर यायच्या. सुभद्राबाईही हातचं राखून सांगत नसत. फक्त बायजाबाईंनी एकदा नेमकं विचारलं, “एवढं चांगलं होतं, मंग वापस काहून आली वं?”

“सुट्टी सरली,” बाई म्हणाल्या.

फेब्रुवारीच्या शेवटी भावाचं पत्र आलं. जागेश्वर बोलतो तसंच लिहायचा. ‘ताई, तू पोचल्याचं समजलं. एक इचारतो, राग मानू नको. आमचं काय चुकलं? दोन दिवस तू घरच्यासारखी राहिली, मंग पाहुण्यावानी झाली. चुलीले हात लावला नाई. शामला रोज रडे. मांगची खोली आमी तुयासाठीच बांधली होती. मले वाटलं, तुले आमचं घर रुचलं नाई, म्हून मी बोललो नाई. आता तिथं सरकीचे पोते ठेवले.’

सुभद्राबाईंनी ते पत्र तीन दिवस उशाखाली ठेवलं. चौथ्या दिवशी त्यांनी उत्तर लिहिलं. त्यात दोनच ओळी होत्या. ‘तिसऱ्याच दिवशी बोळवणीची साडी काहून देल्ली? आन् एकदाही राय काहून नाई म्हटलं?’

त्याचं उत्तर यायला होळी उलटली. ऊन तापलं होतं. पोस्टमन पत्र देऊन गेला आणि सुभद्राबाई पायरीवरच बसून वाचायला लागल्या.

‘ताई, कायची बोळवण? तुया जाड्या लुगड्यात तुले घाम येऊन राहिला होता. मानेवर घामोळ्या पाहिल्या, म्हून पातळ साडी आणली. बोळवण कशी देते, हे मले कोण सांगन? माया लहानपणी घरातून कोणाची बोळवण झालीच नाई, तूच तर एक होती आन् तू घरातच होती. आता राय म्हणाची गोष्ट. बापाचं घर होतं, त्यानं तुले राय म्हटलं. मले तर तूनंच वाढवलं. तुले राय म्हणणारा मी कोण?’

सुभद्राबाईंनी पत्र पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यांना राग आला होता, आणि तो कुणावर काढावा ते कळेना. भावावर निघेना, शामलावर निघेना, आजी तर कधीच मातीला मिळालेली. शेवटी त्या तिथेच, भर दुपारी, तोंड न झाकता रडायला लागल्या. बायजाबाई हातातलं सोडून धावत आल्या.

“काय झालं वं? कोण गेलं?”

“कोणी नाई गेलं. मीच गेली होती, मूर्खावानी निंगून.”

बायजाबाईंना सगळं समजायला अर्धा तास लागला. समजल्यावर त्या म्हणाल्या, “आता तो बोलावन, तवा जाशीन.”

सुभद्राबाईंनी डोळे पुसले. “नाई. आता वाट नाई पाहत मी कोणाच्या बोलावण्याची.”

त्या आत गेल्या, निळं विमानपत्र काढलं, डोळ्यांशी धरून, अक्षर मोठं काढत लिहिलं:

‘जागेश्वर, खोलीतले पोते काढ. मी राह्याले येते.’