चिखलातली सरहद्द

मी नागपूरची. समुद्राशी माझा संबंध लग्नानंतरच्या एका सहलीपुरता, तोही पाय न भिजवता. तरी कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर, फंडीच्या उपसागराकाठच्या एका चिमुकल्या गावात मला नोकरी लागली ती समुद्रकिनारी पर्यटन वाढवायची! नवऱ्याच्या कामामुळे आम्ही तिथे गेलो, मी टाउन ऑफिसात सहज अप्लाय केलं, आणि दुसरं कोणी मिळालं नसावं.

आमच्या गावासमोर, खाडीच्या पलीकडे अमेरिकेतलं तेवढंच गाव. दोन्ही गावांनी मिळून एक समिती केली होती. पर्यटक वाटून घ्यायचे, पण सील, पक्षी आणि किनारा यांना त्रास द्यायचा नाही. आमच्याकडून अध्यक्ष होत्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांच्याकडून एक कप्तान. त्याची लॉबस्टरची बोट पर्यटनाला घ्यायची होती.

दोन्हीकडच्या हॉटेलवाल्यांना घेऊन एक चाचणी सहल ठरली. पलीकडचे लोक कप्तानाच्या बोटीतून येणार, आम्ही आमच्या धक्क्यावर चढणार. आमची घड्याळं त्यांच्या एक तास पुढे, हे दोघांनाही ठाऊक.

“दहाला भेटू, तुमच्या वेळेप्रमाणे,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

“छे, तुमच्या वेळेप्रमाणे,” कप्तान म्हणाला.

दोघंही हसले, हात मिळवले, आणि आपलं औदार्य समोरच्याने मान्य केलं अशा समजुतीत घरी गेले. परिणामी कप्तान आमच्या दहाला आला आणि आम्ही त्यांच्या दहाला पोचलो. तो तासभर धक्क्यावर रागाने लाल होत उभा होता.

“पाणी उतरायला लागलंय, आता सील राहू देत,” तो म्हणाला.

“कार्यक्रमात सील आहेत,” बाई म्हणाल्या. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेली बाई. कप्तान निमूट निघाला.

खाडीच्या मधोमध वाळूच्या पट्ट्यावर सील लोळत होते. आमच्याच नियमाप्रमाणे लांबूनच इंजिन बंद केलं. पाच मिनिटं थांबायचं होतं, पण शांतता पाहून बाईंना भाषण सुचलं. दोन देश, एक समुद्र, वगैरे. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या तेव्हाच खालून खर्रर्र आवाज आला आणि बोट कलली. फंडीची ओहोटी म्हणजे बादलीचं बूड निघाल्यासारखी. बघता बघता चहूकडे चिखल.

कप्तानाच्या स्क्रीनवर सरहद्दीची रेघ बरोबर आमच्या बोटीखालून गेली होती. मी आमच्या सीमा कार्यालयाला फोन केला.

“तुम्ही कुठल्या देशात आहात?”

“दोन्ही.”

फोनवर कागद चाळल्याचा आवाज आला. “मग आपापल्या बाजूला उतरा,” शेवटी उत्तर आलं.

बोटीतले कॅनडावाले डावीकडून उतरले, अमेरिकावाले उजवीकडून. मधे बोट. मी थालीपीठं केली होती, प्लॅस्टिक नको म्हणून कापडात बांधून. ती आमच्याकडेच राहिली. पलीकडून पोटं बोलायला लागली तेव्हा मी एकेक थालीपीठ डेकवरून कप्तानाकडे दिलं. त्याने ते उलटसुलट पाहिलं. “ही आयात झाली,” म्हणाला आणि दोन खाल्ली. मग मिरची लागून त्याने पाण्याची बाटलीही आयात केली.

इकडे बाईंनी चिखलातले शिंपले आणि किडे दाखवायला सुरुवात केली. “ऐकू येत नाही!” अमेरिका ओरडली. मग बाई बोटीच्या टोकावर चढल्या आणि दोन्ही देशांचा एकच वर्ग घेतला. भरती येईपर्यंत कोणालाही घरी जायची इच्छा नव्हती. एक सील तेवढा मधूनच उठून कॅनडातून अमेरिकेत गेला. त्याला कोणी हटकलं नाही.

घरी परतल्यावर मला रडूच आलं. नवरा म्हणाला, “आता रेझ्युमे अपडेट कर.” पण दुसऱ्या दिवशी हॉटेलवाल्यांचे फोन सुरू झाले. सगळ्यांचं म्हणणं एकच. बाकी काही नको, हेच करा.

“मुद्दाम बोट चिखलात घालू?” कप्तान भडकला. “बंदरात माझी काही अब्रू आहे की नाही?”

शेवटी बोट रद्द झाली. पुढच्या उन्हाळ्यात ओहोटीला दोन्ही काठांवरून पायी निघायचं, रेघेपाशी रोवलेल्या काठ्यांच्या अलीकडे-पलीकडे बसून जेवायचं आणि भरतीआधी परतायचं, असं ठरलं. इंजिन नाही, डिझेल नाही, सीलही खूश.

पहिल्याच सहलीला दोन्हीकडचे सीमा अधिकारी पाळत ठेवायला आले. आमचा अधिकारी काठ्यांजवळ गेला आणि गुडघाभर रुतला. ओढून काढायला अमेरिकेतून दोघं धावत आले. पासपोर्टची आठवण कोणालाच झाली नाही. माणूस निघाला, पण त्याचा बूट मात्र चिखलाने परत दिला नाही.