व्हेंडेलिनकाकांचा टॉवेल

आमच्या शुमावाच्या डोंगरात कुणालाही त्याचा पगार विचारा, सांगेल. बायकोशी पटतं का विचारा, तेही सांगेल. फक्त अळंबी कुठे सापडली ते विचारू नका.

माझे शेजारी व्हेंडेलिनकाका म्हणजे निवृत्त बस-ड्रायव्हर. सप्टेंबर लागला की दर रविवारी खांद्यावर टॉवेल टाकून जंगलातल्या दोन तळ्यांकडे निघायचे. "पोहायला चाललोय," म्हणायचे. पाणी नितळ, तळाचे ओंडके स्पष्ट दिसावेत असं. आणि गार इतकं, की बदकंसुद्धा विचार करूनच उतरतात. येताना टॉवेलाचं गाठोडं फुगलेलं असायचं आणि संध्याकाळी त्यांच्याकडून अळंबीच्या सुपाचा वास यायचा.

अळंब्यांची जागा त्यांनी पोटच्या मुलालाही, रादेकलाही, सांगितली नव्हती. आता गुडघे कुरकुरायला लागले होते. आपल्यामागे जागा कुणाच्या हातात द्यायची, या काळजीने काकांची झोप उडाली होती. रादेक बडबड्या, आणि त्याची बायको ब्लांका पलीकडच्या गावची!

तीच एका रविवारी म्हणाली, "बाबा, मीही येते तळी बघायला."

काकांनी मला कोपऱ्यात ओढलं. "लग्नाला इतकी वर्षं झाली, हिला तळी आजच आठवली? तू चल. बोलण्यात गुंतव तिला."

वाटेत कुजबुजले, "टोपली आणली नाही, बघितलंस?"

"मग बरंच आहे की, काका."

"बरं कसलं? खिसे बघ तिचे!"

खालचं तळं बघून झालं. वरच्या तळ्याकाठी आम्ही पाव आणि लोणच्यातली काकडी काढली, तर ब्लांका गोड हसून म्हणाली, "बाबा, पोहा ना आता. मी टॉवेल धरते."

इतक्या वर्षांची थाप, आता निभवायलाच हवी! काका मुकाट्याने कपडे काढून पाण्यात शिरले. मध्यावर जाऊन वळून बघतात, तर ब्लांका गायब. माझं लक्ष काकडीत.

"कुठे गेली ती?"

"झुडपामागे गेली असेल, काका."

"माझ्याच झुडपामागे?"

काका ओल्या चड्डीवर जंगलात पळत सुटले आणि त्यांची पँट घेऊन मी मागे. उन्मळून पडलेल्या एका झाडाखालून वाकून गेलो, तर समोर ताज्या पावासारख्या तपकिरी, अळंब्यांच्या टोप्याच टोप्या. एकही हललेली नव्हती. काकांनी सुस्कारा सोडला, आणि मग त्यांना मी दिसलो.

तेवढ्यात मागे काटकी मोडली. ब्लांका. खांद्यावर टॉवेल, ओंजळीत जांभळी रानफळं, ओठही तसेच जांभळे. "बाबा, टॉवेल..." म्हणता म्हणता तिला सगळं दिसलं. कडेचं एक इवलंसं अळंबं उघडं होतं, त्यावर तिने बुटाच्या टोकाने नेच्याचं पान सरकवलं आणि आमच्याकडे पाठ फिरवली. "मी काही बघितलं नाही हं."

काकांचे दात वाजत होते. त्यांनी पँट माझ्याकडून घेतली, खिशातला चाकू काढला आणि तिच्या हातात दिला. "हळू काप. वर शेवाळ दाबायचं. आणि रादेकला..."

"त्याला कशाला, बाबा? त्याच्या तोंडात काही राहतं का?"

हल्ली रविवारी टॉवेल घेऊन ब्लांका जाते. काका खिडकीत बसतात, माझ्या बुटांवर नजर ठेवून. परवा मी दूध आणायला निघालो, तर वरून आवाज आला,

"काय रे, दूध जंगलाच्या बाजूला कधीपासून मिळायला लागलं?"