डुरक्या घोणशीचा फोटो

नागपंचमीच्या आदल्या दिवशी आमच्या वाघोलीच्या शाळेत सापांचा तास असतो. पूर्वी तक्ता टांगून भागायचं. आता वर्गात मोठा स्क्रीन आलाय, त्यामुळे मुख्याध्यापिका बाईंना प्रत्येक तासाला फोटो हवेत, आणि फोटोखाली तो कुठून घेतला तेही हवं. मी सहावीला विज्ञान शिकवते. बिबवेवाडीहून रोज स्कूटर हाणत येते आणि फोटो शोधते मधल्या सुट्टीत, डबा खाता खाता. आणखी कधी शोधणार, सांगा.

त्या दिवशी डुरक्या घोणस शोधत होते. बिनविषारी साप, जाडजूड, अंगावर तपकिरी डाग. विषारी समजून लोक उगाच मारतात बिचारीला. इंटरनेटवर फोटोंचा नुसता ढीग आला. त्यातला सगळ्यात ठसठशीत फोटो उचलला, खाली नाव टाकलं आणि वर्गात लावला. कुठून घेतला ते नंतर लिहू म्हटलं.

मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. गावाच्या कडेला, शेतालगतच्या वस्तीवर राहणारी, एरवी तोंडातून शब्द न काढणारी. म्हणाली, "बाई, ह्यो आमच्या लाकडाच्या ढिगात हाय."

मला कोण आनंद झाला! नीट पाहिलास का विचारलं, तर म्हणे आज सकाळीच पाहिला. मग काय, मी सुरूच झाले. तो काही करत नाही, उंदीर खातो, त्याला मारायचं नाही, घरीही सांग. वर्गाकडून तिच्यासाठी टाळ्या वाजवून घेतल्या. शाळा सुटल्यावर ती मान ताठ करून गेली.

मी शिक्षक खोलीत बसून फोटोचं मूळ पान उघडलं. वरच मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: घोणस, अतिविषारी. पुन्हा वाचलं. डुरक्या शोधली की घोणशीचेही फोटो त्यात मिसळून येतात, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दोघींचे फोटो शेजारी ठेवले. डुरक्या घोणशीच्या अंगावर वेडेवाकडे डाग, घोणशीच्या अंगावर साखळीसारख्या सरळ रांगा. शेंबड्या पोरालाही कळावं. लगेच त्या मुलीच्या घरी फोन लावला.

घरात एकच फोन, तो वडिलांकडे, आणि वडील कामावर. ते उचलेनात. ओळखीच्या सर्पमित्राला फोन करून पत्ता सांगितला आणि स्कूटर काढली. नगर रोड ओलांडायचा होता, आणि गाड्या थांबतील तर शपथ. डंपरवाल्यांना, सिग्नलला, फोटो मागणाऱ्या बाईंना आणि सगळ्यांत जास्त स्वतःला शिव्या घालत होते.

पोचले तर दारातली चूल पेटलेली. म्हणजे ढिगातून लाकडं काढून झाली होती. आई चुलीशी बसली होती, मुलगी तिच्या शेजारी. मी स्कूटर तशीच टाकून ओरडले, ढिगापासून लांब व्हा. आईनं दचकून पदर सावरला. मुलगी मात्र मलाच समजावायला लागली, की बाई, तो काय करत नाही, तुम्हीच सांगितलं. आता काय सांगू हिला? म्हटलं, माझं चुकलं गं, फोटो चुकीचा होता, हा विषारी आहे. तिला ते पटेना.

सर्पमित्र आला. आकड्यानं एकेक लाकूड बाजूला करत गेला. अगदी खालून कुकरच्या शिट्टीसारखा आवाज आला आणि आम्ही सगळ्याच मागे सरकलो. ती घोणसच होती. त्यानं तिला पिशवीत घेतलं, तोंड बांधलं.

आई पिशवीकडे बघत राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "रोज मी आधी ढिगावर काठी आपटते बाई, मगच लाकूड काढते. आज पोरगी म्हणली, आपटू नको, घाबरंल त्यो. बाईंनी सांगितलंय."

"मग?"

"मग काय. तसाच घातला हात."

मी तिथंच दगडावर बसले. तिनं मला चार शब्द सुनवावेत, निदान आवाज तरी चढवावा, असं फार वाटत होतं. ती पोरीकडे वळली आणि म्हणाली, "बाई एवढ्या धावत आल्यात, आधी पाणी दे त्यांना."