प्रागच्या व्हिसाचे फोटो

कोलकात्याच्या बेहाला भागात आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका बंगाली गृहस्थांचा फोटो स्टुडिओ आहे. सगळे त्यांना दादा म्हणतात. नाव विचारायचं माझ्याकडून राहूनच गेलं. फोटो काढताना ते हनुवटीला हात लावत नाहीत. दोन बोटं हवेतच वर उचलतात आणि आपली मान आपोआप वर होते. काही सांगायचं असलं की आधी "शुनुन, बौदी," म्हणजे "ऐका, वहिनी," असं म्हणून बराच वेळ थांबतात. त्या थांबण्याचा मला वैताग यायचा.

लग्नानंतर दोनदा हुकलेली आमची प्रागची सहल यंदा ठरली. व्हिसाचे फोटो दादांनीच काढले, तेव्हा दुसऱ्या दिवशी अर्ज द्यायचा असल्याचं बोलण्यात आलं होतं. अर्ज द्यायच्या दिवशी आम्ही दोघं व्हिसा केंद्राबाहेर रांगेत उभे होतो, तेवढ्यात मागून आवाज आला, "शुनुन, बौदी."

दादा घामाघूम झाले होते. या वेळी ते थांबले नाहीत. हिंदीत भराभर म्हणाले, "काल तुम्हाला अमेरिकेच्या मापाचे फोटो दिले. आज सकाळी लक्षात आलं. चूक माझी आहे, हे घ्या."

"अहो, फोन तरी करायचा!" नवरा म्हणाला.

"फोनवरून फोटो कसे देणार?"

ही तारीख गेली असती, तर पुढची महिनाभर मिळणार नव्हती. आत नवे फोटो विनातक्रार स्वीकारले गेले. बाहेर आलो, तर दादा अजून फाटकाशीच उभे.

"घेतले ना?"

मी मान हलवली, तसे ते तिथल्या पायरीवर मटकन बसले. त्यांच्याइतकं हायसं आम्हालाही वाटलं नसेल.