लाल भाताला पाजलेलं पाणी

मॅडम आधी भाताच्या पानाला उलटा हात लावायच्या. पोराचा ताप बघतात ना, तसा. मग म्हणायच्या, "अजून दोन दिवस राहू द्या."

ह्या 'राहू द्या'चा मला लय राग यायचा. तुमीच सांगा, भातवाल्या घरात जन्मलेला माणूस डोळ्यांसमोर भात सुकताना बघंल काय? कोणतं भात तहानेला किती टिकतं ते तपासायला मॅडमनी दहिवलीत एकाच्या जागेत प्लास्टिकच्या छपराखाली साठ कुंड्या मांडलेल्या. मी भिसेगावातनं रोजावर जायचो. काम काय, तर पाणी न घालणं. असल्या कामाला माणूस लागतो, हे बायकोला पटवण्यात माझा आठवडा गेला.

मी शाळेच्या कुंपणावरनंच परत फिरलेला. पण मॅडम सांगायच्या अशा, की माझ्या डोक्यातपण शिरायचं.

"दादा, पाणी तुटलं, ऊन वाढलं, की पानात आतल्या आत विष तयार होतं. काही भातांत ते विष बांधून कोपऱ्यात टाकणारे झाडूवाले असतात. विकर म्हणतात त्यांना."

"आमच्या घरात बायको हाय तशी."

"आणि तुम्ही?"

"मी ते विष."

मॅडम हसल्या नायत. वही बघून म्हणाल्या, "अजून दोन दिवस राहू द्या."

निम्म्या कुंड्यांत बाजारातलं नेहमीचं भात. निम्म्यांत लाल भात. त्याचं बी कशेळ्याच्या पलीकडच्या एका वाडीवरनं मॅडमनी स्वतः मागून आणलेलं. त्यांचं म्हणणं, तहान लागली की लालमधे झाडूवाले जास्त वाढतात. ते तपासणीत दिसले तर त्यांचे वरचे साहेब पुढचं काम देणार, नायतर हा उन्हाळा शेवटचा.

पाणी तोडल्यापासनं नवव्या दिवशी नेहमीच्या भातानं मान टाकली. लालच्या पानांचीपण सुरळी व्हायला लागली. मला वाटलं, गेलं, मॅडमचं भात हरतंय. मग त्या जेवायला गेल्या की मी लालच्या कुंड्यांत थोडं थोडं पाणी सोडायला लागलो. वरनं कोरडी माती भुरभुरवायची, कळू नये म्हणून. चार दिवस केलं. एवढी अक्कल मी स्वतःच्या शेतात कधी वापरली नाय.

तेराव्या दिवशी लाल ताठ उभं. मॅडम इतक्या खूश, की डब्यातली अर्धी पोळी मला दिली. मी खाल्लीपण. मग पानं तोडून बर्फात घातली आणि तपासायला घेऊन गेल्या.

आठवड्यानं आल्या त्या तोंड पाडून.

"झाडूवाले वाढलेच नाहीत, दादा. भात हिरवं, आणि आत काहीच नाही. दोन वर्षं मी चुकीच्या गोष्टीमागे लागले होते."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. तहानच लागली नाय, विषच झालं नाय, तर झाडूवाले कशाला कामावर येतील? परीक्षेला बसलेल्या पोरीला मी बाहेरनं कॉपी पुरवलेली. तिला काय येतं ते कुणाला कळलंच नाय.

सांगायला मला तीन दिवस लागले. तोवर मॅडम साहेबांना 'माझा अंदाज चुकला' असं कळवून मोकळ्या झालेल्या.

"किती पाणी घातलंत?" त्यांनी विचारलं.

"अर्धा अर्धा तांब्या."

"का?"

"तुमी हराल म्हणून."

शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी नुसतं पेनाचं टोपण लावलं, काढलं, परत लावलं. साहेबांना खरं काय ते परत कळवलं. तिकडनं उत्तर आलं, आता उशीर झाला.

छप्पर उतरवलं त्या दिवशी टेंपोत सगळं भरलं. लालच्या तीन कुंड्या तेवढ्या खाली राहिल्या. मी उचलायला गेलो तर मॅडम म्हणाल्या, "त्या तुम्हाला. आता घाला पाणी, दादा. हवं तेवढं."

टेंपो गेला. मी तांब्या भरून कुंड्यांपुढं उभा राहिलो. हात काय पुढं जाईना.