फादर ऑस्विन बसले

मौनावर पुस्तकांमागून पुस्तकं लिहिणारे फादर ऑस्विन पायाचं ड्रेसिंग चालू असताना अखंड बोलत. मी इंग्लंडमधल्या लीड्समध्ये डिस्ट्रिक्ट नर्स, घरोघरी जाऊन उपचार करणारी. शहराबाहेरच्या त्यांच्या मठात माझी नेमाने फेरी असे. पोटरीवरची जखम भरत नव्हती, आणि कारण उघड होतं. इराकचं युद्ध सुरू झाल्यापासून दर शुक्रवारी ते ‘युद्ध थांबवा’ अशी पाटी घेऊन टाउन हॉलसमोर दुपारभर उभे राहत.

“असंच चाललं तर पाय जाईल, फादर.”

“तिकडे पोरांचे जीव जाताहेत, सिस्टर. उभं राहणं हीच माझी प्रार्थना आहे.”

“प्रार्थनेला पट्टी बांधता येत नाही मला. पायाला येते.”

ते हसत, आणि शुक्रवारी पुन्हा उभे.

मी वाद सोडला. मठाच्या प्रमुखाची, म्हणजे ॲबटची, आज्ञा पाळायची अशी या लोकांची शपथ असते. मी सरळ ॲबटना गाठलं. आज्ञा झाली: जा, पण बसून. पुढच्या ड्रेसिंगला फादर पहिल्यांदाच गप्प होते. मी निघताना एवढंच म्हणाले, “वरपर्यंत पोचलात म्हणजे.”

त्या शुक्रवारी मी मुद्दाम टाउन हॉलवरून गेले. घडीच्या खुर्चीत फादर, पाय स्टुलावर, पाटी मांडीवर. गळ टाकून मासे धरायला बसल्यासारखे दिसत होते, आणि ते त्यांनाही कळत होतं. तेवढ्यात मॉरीन नावाची एक बाई आली. तिचा मुलगा सैन्यात, इराकमध्ये बसऱ्याला. दर आठवड्याला ती रस्त्यापलीकडून फादरना शिव्या देऊन जायची. आज ती थांबली, रस्ता ओलांडून आली.

“पायाला काय झालं, लव्ह?” लीड्समध्ये कुणालाही असंच म्हणतात.

“जखम आहे, अल्सर. भरत नाही.”

“माझ्या आईला होता. फार ठणकतो.” ती टाउन हॉलच्या पायरीवर बसली. थोड्या वेळाने म्हणाली, “तुमची प्रार्थना फक्त इराक्यांसाठी असते का?”

“तुमच्या मुलासाठीही करतो, रोज. नाव माहीत नाही, एवढंच.”

“डॅरेन,” ती म्हणाली.

त्यानंतर शुक्रवारी पायरीवर कुणी ना कुणी बसलेलं असे. मॉरीनचं फादरशी युद्धाबद्दल कधीच पटलं नाही, पण फ्लास्कमधून चहा तीच आणायची. फादरनी माझ्यापुढे आज्ञेचा विषय पुन्हा काढला नाही. एकदाच म्हणाले, “उभा होतो तेव्हा मला फक्त पाटी दिसायची, समोरची माणसं नाही.”

दोनेक वर्षांनी ते न्यूमोनियाने गेले. अंत्यविधीला मॉरीन आली, सोबत परत आलेला डॅरेन. बाहेर पडताना तिने मला विचारलं, “पाय बरा झाला होता का शेवटी?”

झाला होता. पूर्ण.